मामूंच्या खांद्यासाठी आणलेली गन

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर माझ्या शर्टाच्या वासावरून आज कुठल्या गाडीचं काय खोललं ते सांगते. खंडोबासमोर उभा राहतो, कपाळाला भंडारा लावून घेतो, आणि तिथंही भलतंच काहीतरी बोलून परत येतो. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. बहुतेक म्हणूनच जमतंय.

ऐकायला गोष्ट फार क्षुल्लक आहे. एका माणसानं गॅरेजसाठी एक हत्यार विकत आणलं — एवढीच. चोरी नाही, मारामारी नाही, कुणाचा जीव गेला नाही. चौकीवर जाऊन सांगितलं तर हवालदार चहा पाजून घरी पाठवील. तरीपण — बघा, सुरुवातीलाच मी ती लहान करून सांगायला लागलो. सवयच लागली आहे मला.

अणदूरला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. जीपगाड्या, कार, छोटे पिकअप, एवढीच कामं. ट्रकच्या चाकाला आम्ही कधी हात लावला नाही, ते पुढच्या टायरवाल्यांचं काम. आज दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पूर्वी पाटी नव्हती, कारण गरजच नव्हती. रशीदमामूंचं गॅरेज कुठं, असं नळदुर्गपासून तुळजापूरपर्यंत कुणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं. मामू माझ्या नात्यातले नव्हेत. अख्खा गाव त्यांना मामू म्हणायचा म्हणून मीही. त्यांचा मुलगा लातूरला मास्तर झाला, त्याला ग्रीसचा वाससुद्धा सोसत नाही. मग मामूंनी सगळं मला शिकवलं — पाना कसा धरायचा इथपासून, भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पाणी कसं विचारायचं इथपर्यंत. पुढं मी न मागता त्यांनी अर्धं गॅरेज माझ्या नावावर केलं. तेव्हा त्यांनी मला काही कमी केलं, असं म्हणायला मला जागा नाही. शोधून पाहिली आहे मी ती जागा.

मग कमी काय होतं? सांगितलं तर हसाल. चाक बसवून झालं की शेवटी मामू व्हील पाना घेऊन यायचे आणि एकेक नट आवळून बघायचे. नट आधीच घट्ट असायचे — मीच आवळलेले. पण मामूंचा हात लागल्याशिवाय ड्रायव्हर लोक गाडी काढायचे नाहीत. तुळजापूरला भाविक घेऊन जाणारे, सोनारीच्या काळभैरवाला जाणारे, सगळ्यांचं तेच. अंगारा लावून घ्यावा तसा तो हात लावून घ्यायचे. माझी चाळिशी आली, मिशीत पांढरे केस दिसायला लागले, तरी त्यांच्या लेखी मी 'मामूंकडचा दत्ता'. मी तोंडानं हसायचो. पोटात मात्र दुखायचं. कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळं बरं होत नव्हतं.

मामूंचा उजवा खांदा गेला तो जन्मभराच्या जोरानं. गंजलेला नट सुटेना की पान्याला पाईप लावायचा आणि त्यावर अंग टाकायचं, ही त्यांची पद्धत. हळूहळू हात छातीच्या वर जाईना. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, झटका बसेल असं काम आता बंद. मामूंनी मान डोलावून ऐकलं. परतीच्या एसटीत मला म्हणाले, "ते बॅटरीवालं निघालंय न्हवं, बटण दाबलं की नट सुटतंय? तसलं एक घेऊ. तुला मोबाइलवर समदं बघता येतंय, तूच निवड. फकस्त माझ्या खांद्याला झेपंल असं बघ, बेटा."

आमच्याकडे नट सोडायची, कॉम्प्रेसरवर चालणारी गन होती, पण लाइट गेली की ती नुसती खुंटीची शोभा. आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपर्यंत कॉम्प्रेसर कोण नेणार? म्हणजे मामूंचं म्हणणं अगदी रास्त होतं. किंमत काय, कंपनी कुठली, काही बोलले नाहीत. एकच अट घातली त्यांनी. एकच.

मी खरंच मन लावून बघितलं, हे तेवढं सांगू द्या. जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायचो. थोडक्यात दोन तऱ्हा. एक लहान, आखूड मानेची, एका हातात मावणारी — कार आणि जीपच्या नटाला भरपूर. दुसरी दांडगी, ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांसाठी; बॅटरी लावली की साडेतीन किलोच्या पुढं. जोर जास्त म्हणजे चांगलं, असंही नसतं. लहान गाडीच्या बोल्टवर फाजील जोर पडला तर तो मोडून हातात येतो, हे आमच्या धंद्यात कुणालाही कळतं. तेव्हा आमच्या कामाला लहान, आणि मामूंच्या खांद्यालाही लहानच. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी तिचं नावसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

मग तेरचा तो जीपवाला आला.

गन आणायला सोलापूरला जायच्या आदल्या दिवशी. ब्रेक लागत नव्हते म्हणून सकाळपासून मी त्याच्या गाडीखाली होतो. पाठीला खडे रुतले, डोळ्यांत धूळ गेली. काम चोख झालं. तो एक चक्कर मारून आला, खूश झाला, आणि लिंबाच्या सावलीला जाऊन बसला. मी म्हटलं, निघा की आता. तर म्हणतो, "मामूस्नी येऊ द्या. त्यांचा हात लागल्याबिगर म्या गाडी हलवत न्हाय." मामू नमाजेला गेले होते. आले. तसल्या खांद्यानं त्यांनी पाना घेतला, डाव्या हातानं उजव्याला आधार देत एकेक नट बघितला. दुखत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. जीपवाला पाया पडला — त्यांच्या. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मामू मला म्हणाले, "दमला असशील, दत्ता, च्या सांग दोन." मी चहा सांगितला. माझा मी प्यायलो नाही.

त्या जीपवाल्याचा काही दोष नाही. मामूंचा तर नाहीच. मग मला एवढा राग कुणाचा आला होता? आज विचारलं तरी नाव घेता येत नाही.

सोलापूरच्या दुकानात काउंटरवर दोन्ही गन शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. शिकंज्यात एक जुना, गंजलेला नट आवळून ठेवला होता, गिऱ्हाइकाला दाखवायला. मी आधी लहान गन घेतली. बटण दाबलं — फर्र — नट मोकळा. हाताला काही लागलंसुद्धा नाही. दुकानदार म्हणाला, जीप-कारला ही बास झाली, मोठी कशाला घेता? आणि मग त्यानं, चांगला माणूस होता तो, एक प्रश्न विचारला. असलं हत्यार घेताना खरं म्हणजे पहिल्यांदा हाच प्रश्न विचारायचा असतो. म्हणाला, "वापरणार कोण?"

इथं मी जरा थांबतो.

आमच्या गॅरेजची एक रीत तुम्हाला सांगायची राहिली. नवं हत्यार आलं की ते लगेच कामाला घ्यायचं नाही. खंडेनवमीला सगळी हत्यारं डिझेलनं धुऊन पोत्यावर मांडायची, त्यांत नवंही ठेवायचं. हळदकुंकू, झेंडू मी वाहायचो, लोबान मामू जाळायचे, वर्षानुवर्षं असंच. त्या दिवशी हत्यारांना आराम. दसऱ्याला सकाळी चार माणसं जमवून, पेढे वाटून, नव्या हत्यारानं पहिला नट उस्तादानं सोडायचा. आणि एक म्हण होती गॅरेजात, मामूंच्याही उस्तादापासून चालत आलेली — ज्याच्या हातानं पहिला नट सुटला, हत्यार त्याचं.

दसरा तोंडावर होता.

आता कळलं तुम्हाला? मला त्या काउंटरवर ते सगळं दिसलं. जमलेली माणसं दिसली. उकिडवे बसलेले मामू दिसले, ती दांडगी गन उचलताना. पुढं काय होणार तेही दिसलं. भान सुटलं होतं, असं मी म्हणणार नाही. चांगलं शुद्धीवर होतो. दुकानदार उत्तराची वाट बघत होता. मी म्हणालो, "मीच वापरणार." आणि मोठ्या गनवर हात ठेवला.

घरी येऊन मामूंना सांगितलं — "हलकी बघितली, मामू. पर गंजलेला नट तिला सुटत न्हाय. दुकानदारच म्हणला, पैसं वाया जातील." बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. मामूंनी गन मांडीवर घेतली, हात फिरवला, जरा उचलून बघितली. "वजन हाय," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "व्हईल सवय."

आणि खरोखर सवय करायला लागले. हे मला मामींनी सांगितलं, मी कुठलासा डबा परत द्यायला गेलो तेव्हा, हसत हसत. रोज फजरची नमाज झाली की मामू अंगणात तेलाचा रिकामा डबा घ्यायचे, त्यात थोडं पाणी घालायचे आणि तो उजव्या हातानं उचलून धरायचे. दुसऱ्या दिवशी पाणी जरा वाढवायचे. "तुमच्या त्या मशिनीपायी बुढ्ढ्याला पैलवानकी सुचलीया," मामी म्हणाल्या. मी पण हसलो. गन अजून खोक्यात होती, वापरलेली नव्हती. दुकानदारानं हसत बदलून दिली असती. सोलापूर काही विलायतेत नाही. मी गेलो नाही. तो डबा माहीत असून गेलो नाही — हे मला त्या काउंटरपेक्षा जास्त छळतं.

दसऱ्याला सकाळी एक जीप जॅकवर घेतली. मामूंनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं. चहावाला, तीन-चार ड्रायव्हर, शेजारचा पंक्चरवाला, सगळे जमले. मामू चाकासमोर बसले, बिस्मिल्ला म्हणाले आणि गन उचलली. उचलली त्यांनी, हे सांगितलं पाहिजे. डब्याचा उपयोग झाला होता. पण उचलून धरणं वेगळं आणि हात पुढं लांबवून, ती धडधडत असताना नटावर रोखून धरणं वेगळं. बटण दाबल्याबरोबर हात थरथरायला लागला, गनचं तोंड खाली गेलं, नटावर बसवलेली तिची गोटी निसटली आणि रिमवर ओरखडा उठला. त्यांनी पुन्हा लावली. डावा हात खालून दिला. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडातून आवाज आला — मोठा नव्हे, दाबलेला. गन त्यांनी पोत्यावर ठेवली. पडू दिली नाही, ठेवली.

 चहावाला उगाच कप गोळा करायला लागला. मामू खांदा धरून उठले, माझ्याकडं बघितलं. "आता तूच घे, दत्ता," म्हणाले. "तुजंच हाय हे."

मी बसलो. पाचही नट एका दमात सोडले. कुणीतरी म्हणालं, वा रे पठ्ठे.

आणि मला आनंद झाला. तुम्हाला वाटत असेल, त्या क्षणी तरी माझं काळीज हललं असेल. नाही. पश्चात्ताप वगैरे नंतर आला, सावकाश, पाहुण्यासारखा. त्या वेळी छाती भरून आनंद झाला. ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं ते माझ्या पाठीमागं खांदा दाबत उभे होते आणि मी आतून नाचत होतो. हे सांगायला मला इतकी वर्षं का लागली ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मामूंनी कुणाला बोल लावला नाही. लावला तो स्वतःच्या हाताला. जो येईल त्याला सांगायचे, "हत्यार एक नंबर आणलंय पोरानं. माझाच हात गेला." माझं कौतुक करायचे हो ते. माझ्या निवडीचं. काही दिवस येऊन बाकावर बसायचे, पान्याला हात लावायचे नाहीत. ड्रायव्हर लोक सुरुवातीला त्यांच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं बघायला लागले. मग मामू रोजचे दिवसाआड झाले, पुढं जुम्म्याच्या नमाजेनंतर तेवढे यायचे, आणि मग तेही थांबलं. गॅरेजवर पाटी लागली. रंगाऱ्यानं विचारलं, नाव कुणाचं टाकू? मी माझं सांगितलं.

आता राहिलंय ते सांगतो. हे सांगितलं नाही तर आधीचं सगळं सांगून काही उपयोग नाही.

ती मोठी गन मलाही झेपेना. दिवसभर वापरली की मनगटं भरून यायची, घास उचलताना हात कापायचा. एका पिकअपचा बोल्टही मोडला तिनं. शेवटी मी गुपचूप सोलापूरला गेलो आणि ती लहान गन घेऊन आलो. तीच, नाव पाठ केलेली. मामू यायचे बंद झाले होते, तेव्हा लपवायची गरजही उरली नव्हती.

पुढच्या ईदच्या दुसऱ्या दिवशी मामू शीरखुर्म्याचा डबा घेऊन गॅरेजवर आले. मी गेलो नव्हतो ना त्यांच्या घरी, म्हणून तेच आले. मी एका जीपचं चाक काढायला घेत होतो आणि गन बॉनेटवर पडलेली. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, गन उचलली. एका हातानं. उजव्या. वरखाली करून बघितली, बटण दाबलं. "हे कवा निघालं?" म्हणाले.

मी म्हणालो, "आत्ता आत्ताच निघालंय, मामू. नवीन हाय."

मामू चाकासमोर बसले. पाच नट सोडले. फर्र, फर्र, फर्र. मग सगळे परत लावले. खांदा कुठं अडला नाही. तोंडावर असं काही आलं त्यांच्या की मला तिथं उभं राहवेना, आणि जाताही येईना. "कसलं हलकं हाय," म्हणाले. "जरा अगूदर निघालं असतं तर आणिक काही वर्सं काढली असती म्या. चालायचंच. आपलं नशीब." मग माझ्याकडं वर बघून, लाजत, विचारलं — "आणिक एखादी गाडी हाय का रं?"

होत्या. दोन गाड्या दारात उभ्या होत्या. एकीचं चाक काढायचंच होतं, दुसरीची चारही बदलायची होती. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? ते संध्याकाळपर्यंत बसले असते. उद्या परत आले असते. आणि एखाद्यानं विचारलं असतं, मग दसऱ्याला हीच का नाही आणली, दत्ता? पहिल्या वेळी मी जळत होतो, असं तरी म्हणता येईल. या वेळी काही जळत नव्हतं. पाटी माझी होती, गिऱ्हाईक माझं होतं. पोट भरलेलं होतं माझं.

मी म्हणालो, "न्हाय मामू. आज काम न्हाय."

मामूंनी गन बॉनेटवर ठेवली. जीपला धरून उठले. दारातल्या दोन गाड्यांकडं त्यांनी बघितलं — चांगलं थांबून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं नाही. "डबा धाडून दे मामीकडं," म्हणाले आणि गेले.

ते आहेत अजून. घर मशिदीच्या मागं आहे, मी रोज तिथून जातो. त्या दिवसानंतर ते गॅरेजवर आले नाहीत आणि मी बोलवायला गेलो नाही. शीरखुर्मा मी तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. मग त्या दोन्ही गाड्या केल्या, हलक्या गननं.